गोल अडवणारा खेळाडू : महेश गवळी



फुटबॉल म्हटलं की सगळ्यांना गोल करणारा आठवतो. गोल अडवणाऱ्याचं नाव विचारा, कोणी सांगत नाही. मी आमच्या वर्गाच्या संघात मागं खेळतो. म्हणून मी गुरुजींना विचारलं, "मागं खेळून कोणी मोठं झालंय का?" तेव्हा गुरुजींनी महेश गवळी यांची माहिती सांगितली. ती मी आपल्या भित्तिपत्रकासाठी लिहून काढली आहे.

महेश गवळी यांचा जन्म १९८० साली गोव्यात झाला. आपल्याकडं जशी कबड्डी तसा तिकडं फुटबॉल. लहान वयातच ते जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत खेळ शिकायला गेले. नकाशात गोवा पश्चिमेच्या कडेला आणि जमशेदपूर पार पूर्वेकडं. मला तर आत्याच्या गावाला चार दिवस करमत नाही.

फुटबॉलच्या संघात अकरा गडी असतात. त्यातले तीन-चार जण मागं उभे राहतात, त्यांना बचावपटू म्हणतात. गवळी हे अगदी मधले बचावपटू. गोलाच्या दोन खांबांत ७.३२ मीटर अंतर असतं आणि वरचा आडवा खांब २.४४ मीटर उंच असतो. आम्ही पटांगणात टेपनं मोजून चुन्याची रेघ मारली. मी मधे हात पसरून उभा राहिलो, तरी चार पोरं आडवी झोपतील एवढी जागा उरली. एकटा गोलरक्षक काय काय अडवणार! म्हणून चेंडू तिथवर येऊच द्यायचा नाही, हे बचावपटूचं काम. कबड्डीत साखळी धरतात ना, तसं मागच्यांनी एकमेकांना धरून राहायचं. एकजण उगाच पुढं पळाला की साखळी तुटते.

माझं तेच झालं. मागच्या महिन्यात मी चेंडू बघून पुढं धावलो आणि पाचवीच्या पोरानं मोकळ्या जागेतून गोल केला. नेमके आण्णा बाजार करून येताना सामना बघायला थांबले होते. रात्री जेवताना ते काही बोलले नाहीत, मीबी बोललो नाही.

गवळी गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून, कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून आणि नंतर गोव्याच्या डेम्पो संघाकडून खेळले. ईस्ट बंगालने २००३ साली इंडोनेशियात जकार्ता येथे आसियान क्लब स्पर्धा जिंकली, त्या संघात ते होते. भारताकडून ते दहा वर्षांहून जास्त खेळले.

डिसेंबर २००५ मध्ये पाकिस्तानात कराची येथे सॅफ म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशाला २-० असे हरवले. पहिला गोल कोणाचा? महेश गवळी यांचा! दुसरा बायचुंग भुतिया यांचा. हे ऐकून आम्ही टाळ्या वाजवल्या. गुरुजी म्हणाले, "अरे, त्या शून्याला पण वाजवा. ते राखायला किती पळावं लागलं असेल!"

पुढे ते प्रशिक्षक झाले. २०२३ साली बंगळूरला सॅफ स्पर्धा होती. भारताचे मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांना लाल कार्ड मिळाल्यामुळे शेवटच्या दोन सामन्यांत बसता आलं नाही. ती जबाबदारी गवळी यांच्यावर आली. उपांत्य सामन्यात लेबनॉनशी ०-० बरोबरी झाली आणि पेनल्टीवर भारत ४-२ असा जिंकला. अंतिम सामना कुवेतशी. १-१ बरोबरी, मग पुन्हा पेनल्टी! भारत ५-४ असा जिंकला.

तो शेवट गुरुजींनी आम्हाला मोबाईलवर दाखवला. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू यांनी शेवटची पेनल्टी अडवली आणि सगळे त्यांच्याकडं धावले. मी गवळी कुठं दिसतात ते शोधत होतो, तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली.

येत्या शनिवारी पाचवीबरोबर परत सामना आहे. मी मागंच खेळणार आहे. आण्णांना सांगितलंय. सर्व पालकांनी यावे.

– इयत्ता चौथी, मंद्रूप