कातळ फोडण्याचा उपद्रव

प्रश्न : तुंगार्लीत आमच्या कुंपणालगत गृहसंकुलाच्या पायासाठी रात्रीही कातळ फोडतात, भिंतींना तडे दिसतात. उपाय काय?

उत्तर : ज्या काळ्या पाषाणात कार्ले-भाजे येथील लेणी छिन्नी-हातोड्याने कोरली गेली, तोच पाषाण यांत्रिक हातोड्याचा हादरा शेजाऱ्याच्या पायापर्यंत पोहोचवितो, तथापि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून, रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बांधकामाची गोंगाटी यंत्रे तेथे चालविण्यास मनाई आहे, सबब पोलिसांकडे विनाविलंब तक्रार गुदरावी. तड्यांची दिनांकित छायाचित्रे आजच काढा, कारण विकासक ते जुनेच म्हणेल (आणि काही असतीलही!). हद्दीलगत सलग छिद्रांची रांग पाडून किंवा हिरेजडित तारेने कातळ कापावा, असा अर्ज नगरपरिषदेकडे द्यावा. पत्र्याचे उंच कुंपण आवाज काहीसा अडविते, जमिनीतून येणारा हादरा मात्र नाही.