प्राणिप्रयोग आणि कल्पनाविचार : छिंगहाओचे उदाहरण

एखादे द्रव्य प्राणिप्रयोगात निष्प्रभ ठरले, की ग्रंथोक्त गुण असिद्ध झाल्याचे जाहीर होते. आणि आपल्यापैकी काहीजण मग प्राणिप्रयोगच त्याज्य मानतात. दोन्ही भूमिका उतावळ्या आहेत, हे चिनी संशोधिका तू यूयू यांच्या कार्यावरून ध्यानी येते.

औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधर असलेल्या यूयू १९५५ पासून बीजिंगच्या पारंपरिक चिकित्सा संस्थेत कार्यरत होत्या. १९६९ मध्ये त्यांच्याकडे हिवतापावरील औषधशोधाचे काम आले. त्यांनी दोन हजार योग जमविले आणि सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क हिवतापग्रस्त उंदरांवर तपासले. छिंगहाओने (आर्टेमिसिया ॲनुआ, आपला दवणा याच प्रजातीतील) एकदा ६८ टक्के गुण दाखविला. पुढील खेपांत तो १२ ते ४० टक्क्यांवर घसरला.

दुसऱ्या कोणी ही वनस्पती बहुधा यादीतून वगळली असती. यूयू पुन्हा ग्रंथांकडे वळल्या. चौथ्या शतकातील गे होंग यांनी ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस देण्यास सांगितले आहे. उकळण्याचा उल्लेख नाही. म्हणजे क्वाथ नव्हे, तर आपल्या परिभाषेत हिम-स्वरसाच्या जवळची कल्पना! उष्णतेने कार्यकारी अंश नष्ट होत असावा, असे ताडून त्यांनी सुमारे ३५ अंशांवर उकळणारे ईथर वापरले व अर्कातील आम्ल भाग वेगळा काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतील परजीवींचा पूर्ण नाश केला. उंदरांतील हिवतापाचा परजीवी मानवी परजीवीहून भिन्न असल्याने पुढे माकडांवर परीक्षण झाले. तेथेही हाच परिणाम दिसला.

आपल्याकडील कित्येक प्रबंधांत मद्यार्कीय अर्क देऊन निष्कर्ष मात्र क्वाथाच्या नावे मांडलेला आढळतो, तेव्हा हे उदाहरण आठवते.

विषाक्ततेविषयी प्राण्यांतील निरीक्षणे निःसंदिग्ध नव्हती. हिवतापाचा ऋतू टळला तर वर्ष वाया जाणार होते. म्हणून १९७२ मध्ये यूयू व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात देखरेखीखाली अर्क प्रथम स्वतः घेतला. त्यानंतर हैनान बेटावर रुग्णांना तो देऊन गुण पाहिला गेला. त्याच वर्षी आर्टेमिसिनिन हे शुद्ध द्रव्य हाती आले. २०१५ चे नोबेल पारितोषिक याच शोधासाठी मिळाले.

तथापि १९७३ मध्ये याच शुद्ध द्रव्याच्या गोळ्या रुग्णांत अपेक्षित गुण देईनात. तपासाअंती गोळी नीट विरघळतच नसल्याचे दिसले. तेच द्रव्य कॅप्सूलमधून देताच गुण आला.