बिनगणवेशाचे खलाशी



युद्ध म्हटले की रणगाडे, विमाने आणि सैनिक डोळ्यांसमोर येतात. पण सैनिकाचे धान्य, विमानाचे पेट्रोल, तोफेचे गोळे तिथवर पोचवतो कोण? दुसऱ्या महायुद्धात (१९३९-४५) ब्रिटनचे पेट्रोल व बरेचसे अन्न समुद्रावरून येत असे, आणि ते आणीत व्यापारी जहाजे. त्यांवरचे खलाशी पगारी नोकर होते, सैनिक नव्हेत. तरी जर्मन पाणबुड्यांचा नेम असे तो याच जहाजांवर.

ब्रिटिश जहाजांवर तेव्हा हजारो भारतीय खलाशी होते. रत्नागिरीकडचे डेकवर काम करीत. सारंग, तांडेल हे शब्द तिथलेच. आपले गोव्याचे तारवटी बहुधा स्वयंपाकघरात आणि प्रवाशांच्या जेवणघरात असत. गोवा पोर्तुगीज अमलाखाली, म्हणजे युद्धात तटस्थ! तरी मुंबईतल्या गावागावांच्या कुडांत मुक्काम करून ते इंग्रजांच्या बोटी पकडीत. टॉर्पेडो काही पासपोर्ट तपासत नाही.

'सिटी ऑफ बनारस' ही आपल्या काशीचे नाव मिरवणारी बोट. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी ब्रिटनमधली ९० मुले तिच्यातून कॅनडाला पाठवली होती. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री, वादळात, पाणबुडीने ती बुडवली. ९० पैकी ७७ मुले गेली. शंभराहून अधिक भारतीय खलाशीही गेले. उष्ण हवेत वावरलेली ही माणसे, अंगावर पातळ कपडे, आणि खाली उत्तर अटलांटिकचे गारठलेले पाणी.

एक होडी मात्र आठ दिवस तरंगत राहिली. तिच्यात सहा मुलगे होते, त्यांना गोष्टी सांगून धीर देणाऱ्या एक बाई होत्या आणि बाकी बहुतेक भारतीय खलाशी. पिण्याचे पाणी घोटभर मोजून मिळे. अखेर विमानाला होडी दिसली आणि युद्धनौकेने त्यांना उचलले. त्या मुलांवर व बाईंवर पुढे पुष्कळ लिहिले गेले. खलाशांचा उल्लेख बहुधा नुसत्या आकड्याने होतो, हे मला वाचताना खटकले.

पगाराचीही तीच गत. १९३९ मध्ये भारतीय खलाशाला गोऱ्या खलाशाच्या पगाराची चौथाईही मिळत नसे. धोका मात्र सारखाच. युद्ध सुरू होताच ब्रिटनच्या बंदरांत भारतीय खलाशांनी संप केले. अनेकांना तुरुंगात जावे लागले, पण पगार वाढला.

या युद्धात मरण पावलेल्या जवळजवळ ६,००० भारतीय व्यापारी खलाशांची नावे नोंदवहीत लिहिलेली आहेत. एक वही मुंबईला मशीद बंदरच्या खलाशीगृहात आणि दुसरी चितगावला ठेवलेली आहे. बहुतेकांना समुद्राखेरीज कबर नाही.

आपल्या घरी आजोबा-पणजोबांचे बोटीवरच्या नोकरीचे जुने पुस्तक असेल, तर पालकांना विचारून वर्गात दाखवायला आणा. त्यात बोटींची नावे आणि तारखा असतात.