खाडीतील अदृश्य पीक आणि पाण्याची वाढती उष्णता

माळावर जसे गवत, तसे खाडीत वनस्पतिप्लवक. नुसत्या डोळ्यांस न दिसणाऱ्या या तरंगत्या वनस्पती सूर्यप्रकाश, कर्बवायू, नत्र व स्फुरद यांवर पोसतात. त्यांवर सूक्ष्म जलजीव, त्या जीवांवर मासे, आणि तळाशी शिंपले व तिसऱ्या यांचा निर्वाह चालतो. तेव्हा हे खाडीचे मूळ पीक होय. पाणी तापू लागल्यास या पिकाचे काय होते, याचा येथे थोडक्यात विचार करू.

उबेने वनस्पती जोमाने वाढतात, म्हणून खाडीचे पीकही वाढेल, असे कोणास वाटेल. परंतु तसे सरसकट घडत नाही. उष्णतेने पीक खाणाऱ्यांची भूकही वाढते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात नॅरागॅन्सेट नावाची खाडी आहे. तिच्या पाण्याची जणू पीकपाहणीच १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू असून, दर आठवड्यास नमुना घेऊन त्यातील वनस्पती मोजतात. पूर्वी तेथे ऐन थंडीत डायॅटम या काचेसारख्या कवचाच्या वनस्पतींचा मोठा बहर येई. गारठ्याने जलजीव मंदावलेले असत. त्यामुळे न खाल्लेला बहर तळाशी बसून तेथील प्राण्यांस अन्न मिळे. हिवाळे सौम्य होऊ लागल्यावर हा बहर कित्येक वर्षी क्षीण झाला. मोठ्या टाक्यांत खाडीचे पाणी भरून केलेल्या प्रयोगांतही थंड टाक्यांत पीक अधिक आढळले.

उन्हाळ्यातील संकट निराळे आहे. नदीचे हलके, उबदार पाणी वर आणि खारे, जड पाणी खाली, असे थर पडतात व ते लवकर मिसळत नाहीत. वरच्या थरात नत्र अधिक आले की वनस्पती माजतात. त्या मरून तळाशी कुजताना प्राणवायू खर्च होतो. त्यातच तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो: गोड्या पाण्यात २० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांस ७.६. ऑगस्ट २००३ मध्ये त्याच खाडीच्या ग्रीनिच नामक फाट्यात प्राणवायूअभावी सुमारे दहा लाख मासे मेले. पुढे २००४ मध्ये कायदा होऊन सांडपाण्यातील नत्र कमी करण्याचे काम तेथे हाती घेण्यात आले.

आपल्या कोकणातील खाड्यांचे ऋतुमान वेगळे. तेथे पावसाळी पुराने पाणी गोडे होते व थंडी बेताचीच असते. म्हणून हिवाळी बहराचा दाखला तेथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तथापि उष्णता व प्राणवायू यांचा नियम सर्वत्र एकच आहे.

समुद्र थंड करणे शेतकऱ्याच्या हाती नाही. नत्र शेतात राखणे मात्र आहे. भातास युरिया एकदम न देता दोन-तीन हप्त्यांनी द्यावा. मुसळधार पावसाची चिन्हे असता तो टाकू नये. खाचरांचे बांध वेळीच दुरुस्त करावेत आणि ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावा. वाहून गेलेल्या खताचे पैसे शेतकऱ्याचे बुडतातच. खाली खाडीवर पोट भरणाऱ्या कोळ्याचेही त्यात नुकसान होते.