बहिरेपणाचे प्रकार, कारणें व लक्षणें

गुरुजींनीं नांव पुकारूनही जो मुलगा उत्तर देत नाहीं, त्यास आपण मठ्ठ वा उद्धट ठरवितों. परंतु त्यास ऐकूंच येत नसेल तर?

बहिरेपणाचे मुख्य प्रकार तीन. पहिला वहनदोष. ध्वनि कानाच्या पडद्यावर आदळून मध्यकर्णांतील हातोडा, ऐरण व रिकीब या तीन चिमुकल्या हाडांच्या द्वारें आंत जातो. मळाचा खडा, पडद्याचें छिद्र किंवा पू यांनीं ही वाट अडते. हा दोष बहुधा उपचारानें वा शस्त्रक्रियेनें दूर होतो.

दुसरा मज्जातंतुदोष. अंतःकर्ण वा श्रवणतंतु यांस इजा झाल्यानें तो होतो. आनुवंशिकता, गरोदरपणीं मातेस झालेली जर्मन गोवर, गालगुंड, मस्तिष्कावरणदाह, कांहीं औषधें, वार्धक्य व मिरवणुकींतील कर्णकर्कश आवाज हीं त्याचीं कारणें. गेलेलें श्रवण येथें सहसा परत येत नाहीं. श्रवणयंत्राचा आधार घ्यावा लागतो. तिसऱ्या, मिश्र प्रकारांत दोन्ही दोष एकत्र असतात.

वारंवार ‘काय?’ म्हणणें, बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावणें, कानांत गुणगुण होणें व बालकास उशिरां बोलूं येणें हीं लक्षणें होत.

फुटक्या पडद्याच्या कानांत तेल घालूं नये. गोदावरींत वा मांजरेंत बुडीही मारूं नये. नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान दाखवावा. मुंबईस वांद्रें येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कार्यास वाहिलेली आहे. जन्मतः बहिऱ्या बालकाचें निदान पहिल्या वर्षांतच झाल्यास तें बोलावयास शिकण्याचा संभव पुष्कळ वाढतो.

विद्यार्थिमित्रहो, अशा सोबत्यास हंसूं नका. त्यास पुढच्या बांकावर जागा द्या आणि गुरुजींच्या कानीं ही गोष्ट घाला.