गोधडीचा दोरा आणि सुई

गोधडी कशी शिवावी हें जाणणारे हात आमच्या पंचक्रोशींत अद्यापि पुष्कळ आहेत. परंतु तिच्याकरितां दोरा कोणता आणावा व सुई कोणती निवडावी, असें विचारलें तर बहुतेक मंडळी ‘पांढरा द्या’ आणि ‘मोठ्या नाकाची द्या’ ह्यापलीकडे कांहीं सांगत नाहींत. ह्या दोन वस्तू इतक्या स्वस्त आहेत कीं, त्यांजविषयीं विचार करण्याचें कोणास कारण वाटत नाहीं. आम्हांसही वाटत नसे. ज्या चुकीमुळें तें वाटूं लागलें ती आधीं सांगतों, म्हणजे पुढील विवेचनाचें प्रयोजन वाचकांच्या ध्यानांत येईल.

आमच्या मातोश्री निवर्तल्यावर त्यांच्या पेटींत चार सुती लुगडीं निघालीं. नेसून व धुऊन तीं मलमलीसारखीं मऊ झालीं होतीं. त्यांपैकीं तीन लुगड्यांची गोधडी आमच्या घरच्या मंडळींनीं सुटींत शिवावयास घेतली, आणि दोरा आणण्याचें काम आमच्याकडे आलें. दुकानदारानें दोन रिळें पुढें ठेविलीं. एकाचा दोरा हिसका देतांच तुटला. दुसऱ्याचा बोटांत रुतला पण तुटला नाहीं, शिवाय त्याला रेशमासारखी चकाकी होती. आम्हीं अर्थातच दुसरें रीळ घेतलें. तो दोरा पॉलिएस्टरचा होता. त्याला शोभेल अशी जाडजूड सुईही घेतली. गोधडी मोठी सुरेख झाली. दोन पावसाळे गेले, पांचसहा धुणीं झालीं, आणि एके दिवशीं ती ओली गोधडी दोरीवर टाकतांना टाक्यांच्या रांगेवरून लुगडें सरळ फाटत गेलें. टपालाच्या तिकिटांचा ताव भोंकांच्या ओळीवर फाटावा, अगदीं तसें. दोरा मात्र जसाच्या तसा शाबूत!

शेजारीं एक वृद्ध बाई राहतात. त्यांच्या हातच्या गोधड्या गांवांत नांवाजलेल्या आहेत. त्यांनीं ती फाटकी गोधडी मांडीवर घेतली, टाक्यांवरून बोट फिरविलें आणि म्हणाल्या, “मास्तर, दोरा तुटला तर दुसरा घालतां येतो. आईचं लुगडं दुसरं कुठून आणाल?”

आम्ही पदवी घेतलेले शिक्षक. वर्गांत बल, ताण, दाब हे शब्द नित्य उच्चारणारे. पण हा साधा विचार आम्हांस सुचला नव्हता. ओली गोधडी फार जड होते. ती पिळतांना किंवा दोरीवर टाकतांना तिला ताण बसतो, आणि तो सोसवेनासा झाला म्हणजे कोणत्या तरी एका वस्तूला हार खावी लागते. दोरा कापडाहून दुबळा असेल तर दोरा तुटतो व दोन घटकांत टाका पुन्हां घालतां येतो. दोरा कापडाहून फार बळकट असेल तर कापड जातें. नव्या, घट्ट विणीच्या कापडाला चिवट दोरा चालेल. वापरून झिजलेल्या लुगड्याला तो चालत नाहीं, आणि गोधडी तर बहुधा झिजलेल्याच कापडाची असते. बंगालांतील कांथा शिवणाऱ्या स्त्रिया जुन्या साड्यांच्या कांठांतील रंगीत सूत उसवून काढीत व त्यानेंच त्या साड्यांचे थर शिवीत. काटकसर म्हणून ही रीत पडली असेल. परंतु कापड आणि दोरा हीं एकाच वयाचीं व एकाच जातीचीं असावींत, हा नियम तींत आपोआप पाळला जाई.

तेव्हां दुकानांत हिसका देऊन दोरा पारखण्याची आमची रीत अर्धवट होती. खरी कसोटी घरीं करावी. ज्या लुगड्याची गोधडी करावयाची त्याच्याच चिंध्या एकावर एक ठेवून विचाराधीन दोऱ्यानें पांचसहा टाके घालावे, आणि टाक्यांच्या दोन्हीं बाजूंस धरून ओढावें. दोरा आधीं तुटला तर तो घ्यावा. कापड आधीं फाटलें तर तें रीळ दुसऱ्या कामास ठेवावें.

आतां सुती दोऱ्याविषयीं. कापसाचा एक तंतु केंसाहूनही बारीक असतो, आणि दोऱ्याचा चांगुलपणा बराचसा त्या तंतूच्या लांबीवर अवलंबून असतो. आपल्याकडे २० मिलिमीटरपर्यंतचा कापूस आंखूड धाग्याचा, २७.५ पासून ३२ पर्यंतचा लांब धाग्याचा व ३२.५ किंवा त्याहून अधिक लांबीचा तो अतिलांब धाग्याचा, असे वर्ग मानतात. तंतु आंखूड असले कीं त्यांचीं टोकें दोऱ्याबाहेर जागोजाग डोकावतात. तीच दोऱ्यावरची लव. लांब तंतूंचा दोरा गुळगुळीत राहतो व कापडांतून जातांना कमी झिजतो. ही पारख करण्यास यंत्र नको. रिळावरून हातभर दोरा काढून काळ्या छत्रीपुढें धरावा. लव किती, मधूनमधून गांठी व फुगवटे किती, एके ठिकाणीं जाड व दुसरीकडे बारीक असा तो आहे काय, हें सर्व तत्काळ दिसतें. मग त्याचा पीळ उलट दिशेनें सोडवावा. चांगल्या दोऱ्याचे दोन किंवा तीन पदर स्वच्छ वेगळे होतात. आमचें मत तीन पदरी दोऱ्याच्या बाजूचें आहे. तो गोल व समतोल असतो.

नंबराच्या बाबतींत विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करावें. कापसाच्या सुताच्या इंग्रजी मोजणींत ८४० वारांची एक लड धरतात, आणि एक पौंड वजनांत अशा जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे ४० नंबरचें एकेरी सूत एक पौंडांत ४० × ८४० = ३३,६०० वार भरतें. नंबर वाढला कीं सूत बारीक होतें, तें ह्याचमुळें. रिळावर ४०/३ असें लिहिलेलें असल्यास ४० नंबरचे तीन पदर एकत्र पिळले आहेत असें समजावें. असला दोरा हातानें गोधडी शिवण्यास उत्तम. ६० नंबरचा तीन पदरी दोरा यंत्रावरील बारीक शिवणास ठीक, पण गोधडीवर त्याचे टाके दिसतही नाहींत आणि फार काळ टिकतही नाहींत.

चकाकीनें आम्ही फसलों, म्हणून चकाकीविषयीं दोन शब्द. सुती दोऱ्यासही चकाकी असूं शकते व ती वाईट नव्हे. कापसाचा तंतु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला तर पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. जॉन मर्सर नांवाच्या इंग्रज गृहस्थास असें आढळलें कीं, कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणांत सूत बुडविलें म्हणजे ती फीत फुगून गोल होते, सूत बळकट होतें व रंगही अधिक शोषून घेतें. ह्या कृतीचें पेटंट त्यानें १८५० सालीं घेतलें. पण तींत सूत आटे. पुढें १८९० च्या सुमारास होरेस लो ह्यानें तेंच सूत ताणून धरून बुडविण्याची युक्ति काढली, आणि आटणें थांबून वर झळाळी आली. ‘मर्सराइझ्ड’ असें रिळावर छापलेलें असतें त्याचा अर्थ हा. दुसरी एक चकाकी खळ व मेण ह्यांच्या लेपाची असते. लेपाचा दोरा हातशिलाईस फार चांगला, कारण तो गुंतत नाहीं. परंतु शिवणयंत्रांत तो घालूं नये, लेप खरवडून यंत्राच्या चकत्यांत साचतो.

तिसरी चकाकी परक्या धाग्याची. ती ओळखण्यास वडील माणसांसमक्ष, पाण्याचें भांडें जवळ ठेवून, दोऱ्याचा तुकडा चिमट्यांत धरून पेटवावा. सूत कागदासारखें जळतें, कागदासारखाच वास येतो व मागें मऊ करडी राख उरते. पॉलिएस्टर वितळून आकसतें व त्याचा कठीण मणी बनतो. रेयॉन मात्र सुतासारखेंच जळतें, म्हणून त्याला पाण्याची परीक्षा हवी: ओलें झालें कीं रेयॉन स्पष्टपणें दुबळें होतें, आणि कापसाचा तंतु उलट किंचित् अधिक बळकट होतो. भरतकामाचा झगझगीत रेयॉन दोरा गोधडीस कां नको, हें एवढ्यावरून कळावें. रंगीत दोरा असेल तर तो ऊन पाण्यांत भिजवून पांढऱ्या फडक्यांत घट्ट दाबून ठेवावा. फडक्यावर डाग उठला तर दुकानदारास तें दाखवून रीळ परत करावें, लाजूं नये.

सुईच्या बाबतींत आपल्या लोकांचा समज असा कीं, मोठें नाक म्हणजे सोय. वस्तुतः सुईनें कापडांत एवढेंच भोंक पाडावें कीं, नाकापाशीं दुहेरी झालेला दोरा त्यांतून न घासतां जाईल. नाक त्याहून बारीक असेल तर दोरा घासून लव सुटते. सुई त्याहून जाड असेल तर कापडाचे धागे विनाकारण तुटतात. आमच्या गोधडींतील भोंकें अशींच वाजवीपेक्षां मोठीं होतीं, आणि अर्धा दोष त्यांचा होता.

हातसुयांचाही नंबर वाढतो तसतशी सुई बारीक व आंखूड होते. परंतु शिवणयंत्राच्या सुईचें अगदीं उलट आहे. तिच्यावरील ८०/१२ ह्या आंकड्यांत ८० म्हणजे ०.८० मिलिमीटर जाडी, आणि ९०/१४ ही सुई तिच्याहून जाड. ह्या उलटसुलट रीतीमुळें अनेकदां घोटाळा होतो, म्हणून नंबर तोंडपाठ करून जाण्यापेक्षां चिंधी व दोरा बरोबर नेणें बरें. हातसुयांत ‘शार्प्स’ ही नेहमींची जात. ‘बिट्वीन्स’ ही त्याच जाडीची पण आंखूड. पाश्चात्त्य स्त्रिया पातळ रजयांवर बारीक टाके घालण्यास बिट्वीन्स वापरतात आणि आतां आपल्याकडेही कोणी कोणी त्या मागवितात. पातळ कामास त्या छान; परंतु पांचसहा थरांच्या वाकळीस लांब शार्प्सच हवी, पांच ते सात नंबरांतील, नाहीं तर तीन टाके एकदम सुईवर घेतांच येत नाहींत. दाभण तर गोण्यांसाठीं आहे. तें गोधडीजवळ आणूंच नये.

सुई घेतांना तिच्या नाकांतून दोरा मागेंपुढें पंधरावीस वेळां ओढावा. दोऱ्यावर लव उठली तर नाकाच्या कडा खडबडीत आहेत. टोंक मलमलीवर टोंचून पाहावें. सुई धागा ओढून आणीत असेल तर टोंक वळलेलें आहे. इंग्लंडांतील रेडिच हें गांव एके काळीं सुयांसाठीं जगभर प्रसिद्ध होतें. तेथें दोन सुयांच्या लांबीची तार कापून तिच्या दोन्हीं टोंकांस धार लावीत, मध्यभागीं दोन नाकें ठोकीत व मग ती तार मधोमध मोडून दोन सुया वेगळ्या करीत. धार लावतांना उडणारी पोलादाची व दगडाची धूळ छातींत जाऊन ते कारागीर लहान वयांतच दगावत, हें वाचल्यापासून गंजलेली सुई फेकून देतांना आमचा हात थोडा थांबतो. नाक ठोकलेलें असल्यामुळें त्याची एक बाजू दुसरीहून किंचित् ऐसपैस असूं शकते. दोरा ओंवला जात नसेल तर सुई उलटी फिरवून पाहावी.

दोरा किती लांब घ्यावा? बोटाच्या टोंकापासून कोंपरापर्यंत. समजा एवढ्या दोऱ्यांत बारा इंच शिवण होते व इंचास पांच टाके पडतात. म्हणजे साठ टाके, आणि प्रत्येक टाक्यास कापडांतून एकदां खालीं व एकदां वर. सुईजवळचा दोरा १२० वेळां कापडांतून घासून जातो! दोरा दुप्पट घेतला तर २४० वेळां. सुई पुन्हां पुन्हां ओंवण्याचा आळस करून लांबच लांब दोरा घेणाऱ्या मुलींचा दोरा मध्येंच कां तुटतो, त्याचें हें उत्तर. लेप नसलेला दोरा मधमाशांच्या मेणावरून एकदां ओढून घ्यावा, आणि मधल्या बोटांत अंगुस्तान असावें. शिवतांना दोरा करकचून ओढूं नये. कापडावर सुरकुती पडली कीं टाका सैल करावा.

पेटींत राहिलेल्या चौथ्या लुगड्याची पुढें, नऊवारीचे चार थर करून, लहानशी गोधडी झाली. ह्या वेळीं ४०/३ चा साधा सुती दोरा, सात नंबरची सुई आणि शेजारच्या बाईंची देखरेख. तिला आतां सात वर्षें झालीं. तिचा दोरा दोन ठिकाणीं तुटला होता. तो गेल्या पावसाळ्याआधीं एका दुपारीं आम्हीं स्वतःच घातला. टाके वांकडे आले आहेत, पण लुगडें कोठेंही फाटलेलें नाहीं.