संकेतस्थळाची जतनप्रत : पूर्ण की वाढीव?

पुणे-सोलापूर महामार्गावरील वरवंड हे दौंड तालुक्यातील बागायती गाव. कालवा आणि व्हिक्टोरिया तलाव यांच्या पाण्याने जेथे ऊस उभा राहतो, तेथे जमिनीला मोल येते आणि वाटण्या, खरेदीखते, बोजे यांच्या नोंदीही वाढतात. अशा शिवारातील सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक दाटीने आढळतात. संगणकावरील माहितीच्या जतनप्रतीचे, म्हणजेच बॅकअपचे, दोन प्रमुख प्रकार समजून घेण्यास या उताऱ्याइतके सोयीचे उदाहरण नाही.

सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कोणत्या बदलांतून आली, हे फेरफार नोंदवही क्रमवार सांगते. हस्तलिखित दप्तराच्या काळात सातबाऱ्याचे पुनर्लेखन साधारणतः दहा वर्षांनी होई आणि मधले बदल फेरफारात नोंदले जात. पुनर्लेखन ही पूर्ण प्रत, तर फेरफार ही वाढीव प्रत होय. गावचे सर्व उतारे रोज नव्याने लिहिण्याचे कोणा तलाठ्याच्या मनात आले नसते. फेरफार आहेत म्हणून मूळ उतारा टाकून देण्याचेही नाही.

आता वरवंडएवढ्या एखाद्या ग्रामपंचायतीचे संकेतस्थळ आहे असे समजू. त्यावर ग्रामसभेची इतिवृत्ते, निविदा सूचना, विकासकामांची छायाचित्रे आणि करआकारणीवरील हरकती स्वीकारण्याची सोय आहे. एकूण माहिती १० गिगाबाइट असून रोज सुमारे १०० मेगाबाइटचा बदल होतो. रोज पूर्ण प्रत काढल्यास २८ दिवसांत २८० गिगाबाइट जागा लागेल. दर रविवारी पूर्ण आणि इतर सहा दिवशी वाढीव प्रत काढल्यास ४२.४ गिगाबाइट पुरेल. सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून पूर्ण प्रत बाहेर पाठविण्यास सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, वाढीव प्रतीला दीड मिनिटही लागत नाही. गावची वीज आणि जोडणी यांचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना या फरकाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

परंतु खरी कसोटी प्रत काढण्याच्या दिवशी नव्हे, तर ती परत मिळविण्याच्या दिवशी लागते. गुरुवारी सकाळी यंत्र बंद पडले, तर रविवारची पूर्ण प्रत आणि त्यानंतर सोमवार, मंगळवार, बुधवार यांच्या वाढीव प्रती याच क्रमाने चढवाव्या लागतात. मंगळवारची प्रत खराब निघाली, तर बुधवारच्या प्रतीवर विसंबता येत नाही. ज्या घरमालकाने मंगळवारी, मुदतीच्या अखेरच्या दिवशी हरकत नोंदविली, त्याची हरकत दप्तरातून नाहीशी होते आणि ती केल्याचा पुरावा देण्याचा भार त्याच्यावरच येतो. यासाठी एक मधला मार्ग आहे : दररोज कालपासूनचे नव्हे, तर रविवारपासूनचे सर्व बदल घेणे. ही प्रत शनिवारपर्यंत ६०० मेगाबाइटपर्यंत फुगते, पण परत मिळविताना दोनच प्रती लागतात. लहान कार्यालयास हाच मार्ग अधिक मानवण्यासारखा आहे.

पूर्ण प्रतीचाही एक धोका आहे. पुनर्लेखनात एखाद्या वारसाचे नाव सुटले, तर नवा उतारा ती चूक तशीच पुढे नेतो. ती पकडली जाते जुना उतारा आणि फेरफार उपलब्ध असल्यामुळेच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम १५५ लेखनप्रमादांच्या दुरुस्तीसाठीच आहे. संकेतस्थळावरील चूक महिन्यानंतर लक्षात आली आणि दरम्यान प्रत्येक नव्या प्रतीने जुनी पुसली असेल, तर उरते ती केवळ चुकीची निर्दोष नक्कल! म्हणून महिन्याची एक पूर्ण प्रत किमान वर्षभर ठेवावी.

दोन्ही प्रकारांत निवड करताना संपूर्ण संकेतस्थळाला एकच नियम लावण्याचे कारण नाही. छायाचित्रे व जुनी कागदपत्रे सहसा बदलत नाहीत. त्यांना वाढीव प्रत योग्य. अर्ज आणि हरकती ज्या माहितीकोशात साठतात, तो आकाराने लहान पण रोज बदलणारा असतो. त्याची रोज पूर्ण प्रत घेणे परवडते.

आकार फार मोठा म्हणून प्रतच न काढणे हा मात्र पर्याय नव्हे. दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहिती केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. अधिकाऱ्यांच्या सामाईक साठ्यातील सुमारे ८५८ टेराबाइट माहिती तीत नष्ट झाली. साठा प्रचंड असल्याने त्याची बाहेर प्रत ठेवली नव्हती. महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या आगीत वरच्या मजल्यांवरील असंख्य कागदपत्रे भस्मसात झाली.

त्याच कपाटातील दुसरी प्रत आगीत पहिलीबरोबरच जाते. किमान एक प्रत गावाबाहेर, उदाहरणार्थ दौंड येथील तालुक्याच्या कार्यालयात, संगणकापासून विलग केलेल्या डिस्कवर असावी. सतत जोडलेली डिस्क विघातक प्रणालीच्या तावडीत सहज सापडते. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्याच संगणकावर रविवारची प्रत आणि पुढील वाढीव प्रती चढवाव्यात, आदल्या आठवड्यातील एखादी हरकत शोधून ती अक्षरशः वाचावी आणि या कामास किती वेळ लागला, तो नोंदवहीत लिहून जबाबदार कर्मचाऱ्याने स्वाक्षरी करावी.